बॅटरीच्या ग्रासकटरला दोरी कोणती घालावी?



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या पोटात एकच गोळा येतो, तो म्हणजे जळिताचा. ऊस उभा असतो, पाचट वाळलेले असते, बांधावरचे गवत कमरेएवढे वाढून पिवळे पडलेले असते आणि वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. एखादी ठिणगी पडायचा अवकाश. मग तोडीसाठी होणारी धावपळ आणि पुढची जळिताची कपात हे काही मी नव्याने सांगायला नको. म्हणून पाऊस उघडला की शहाणा शेतकरी आधी बांध साफ करतो.

हे काम पूर्वी विळ्याने होत असे. आता विळा धरणारे हात मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते द्राक्षाच्या छाटणीला आधी जातात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आपल्या भागात गवत कापायची यंत्रे बरीच आली. काही पेट्रोलवरची, काही बॅटरीवरची. यंत्र घेताना आपण दहा दुकाने फिरतो, व्होल्ट विचारतो, वजन उचलून बघतो, हप्ते विचारतो. पण त्या यंत्राच्या टोकाला फिरणारी जी नायलॉनची दोरी, जी प्रत्यक्षात गवत कापते, तिच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. संपली की दुकानात जायचे आणि म्हणायचे, "द्या एक बंडल."

मीही असाच होतो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. नुकसान माझे झाले नाही, दुसऱ्याचे झाले. त्याची टोचणी म्हणून हा लेख.

पेठची हकीकत

पेठ तालुका आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे तो तिकडून येणाऱ्या माणसांमुळे. नाशिकहून पेठ रस्त्याने निघाले, रामशेज डावीकडे-उजवीकडे करत मागे टाकला, उमराळे गेले, सावळघाट उतरला की मुलूख बदलतो. करंजाळी, कोटंबी, मग पेठ. तिकडे ऊस नाही. नागली, वरई, भात, उडीद. डोंगरउतारावर पाऊस धो-धो पडतो आणि दिवाळीनंतर प्यायला पाणी शोधावे लागते. भात-नागली निघाली की तिकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत कामाला येतात. आमच्या मळ्यातही एक जोडपे बारा वर्षे येते. आता त्यांना मजूर म्हणणे जिवावर येते. घरचीच झाली आहेत. त्याचे नाव छापू नका असे त्याने सांगितले आहे, म्हणून त्याला नुसते 'आमचा पेठकर' म्हणतो.

या पेठकराने आपल्या उतारावर केसर आंब्याची साठ कलमे लावली. चौथे वर्ष लागले होते, कलमे छातीएवढी आली होती. तिकडे आंब्याचा खरा वैरी दुष्काळ नव्हे, वणवा. फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटतो तेव्हा वाळलेल्या गवतातून आग धावत येते आणि चार वर्षे डोक्यावर हंडे वाहून जगवलेली कलमे एका दुपारीत करपतात. उपाय एकच, पाऊस संपल्या-संपल्या बागेभोवती आठ-दहा फुटांचा पट्टा कापून, झाडून मोकळा करायचा. जाळरेषा म्हणतात तिला. गवत ओले असताना कापणे सोपे, वाळून ताठ झाल्यावर अवघड, म्हणजे या कामाला महिनाभराचीच सवड. आणि नेमका तोच महिना त्याने आमच्याकडे द्राक्षाच्या कामावर यायचा.

म्हणून त्याने भाऊबंदांत चौघांत मिळून एक बॅटरीचे ग्रासकटर घेतले. पेट्रोल आणायला पेठ गाठावे लागते, ते परवडत नाही, आणि वीज घरात आहे, हा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. यंत्र लहान, १८ व्होल्टचे. सोबत आलेली दोरी चार दिवसांत संपली. त्याने मला फोन केला, "नाना, येताना दोरी आणा."

आता माझ्याकडे पेट्रोलचे मोठे यंत्र आहे. त्याच्यासाठी आणलेली २.४ मिलिमीटरची चौकोनी दोरी शेडमध्ये पडली होती. चांगली जाड, धारेची. मी म्हटले नवीन कशाला घ्यायची, हीच दणकट आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर बंडल घेऊन गेलो. यंत्राच्या डोक्याच्या भोकातून ती दोरी जाईना. बळेच ओवली. फिरवले तर दोरीचे टोक कव्हरच्या पात्यावर आपटून खडखड होऊ लागली. मीच म्हटले, "कव्हर काढून टाक, उगाच अडचण."

दोन बॅटऱ्यांत पट्टा व्हायचा तिथे अर्धाही होईना. यंत्र कण्हत चालले होते. बॅटरी हाताला चटका देत होती. ती थांबली की आम्ही सावलीत ठेवायचो, गार झाली की पुन्हा लावायचो. तिसऱ्या दिवशी जळका वास आला आणि मोटार गेली. उरलेला पट्टा वहिनींनी आणि त्यांच्या जावेने विळ्याने केला, पण हात पुरले नाहीत. उत्तरेच्या अंगाला तो जेमतेम तीन फुटांचा राहिला.

फाल्गुनात वणवा आला तो उत्तरेकडूनच. अकरा कलमे गेली.

पेठकर मला काही बोलला नाही. हे जास्त लागले.

जाड म्हणजे दणकट नव्हे

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना मोट आठवत असेल. मोटेला दोन दोर असत, जाड नाडा आणि बारीक सोंदूर. दोघांची कामे वेगळी. सोंदूर बारीक आहे म्हणून त्या जागी कोणी दुसरा नाडा बांधला नाही, बैलांनी उगाच वजन ओढले असते. ग्रासकटरच्या दोरीचेही तसेच आहे. फरक इतकाच की बैल थांबून मान हलवतो, मोटारीला ते सांगता येत नाही.

पेट्रोलवरचे मोठे यंत्र सव्वा किलोवॅटच्या आसपास ताकदीचे असते. हातात धरायचे बॅटरीचे लहान यंत्र त्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याचे. (२० व्होल्ट 'मॅक्स' असे लिहिलेले आणि १८ व्होल्टचे, ही दोन्ही एकच बरे का. आत पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४ च्या वर जातात, त्याचा आकडा मोठा छापायचा, इतकेच.) १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत वीज मावते ती ७२ वॉट-अवर, म्हणजे आपल्या मीटरवरच्या एका युनिटचा चौदावा भाग. एवढ्याशा शिदोरीवर यंत्राने बांध कापायचा. मोटार २५० वॉट ओढत असेल तर ही शिदोरी सतरा मिनिटे पुरते, ४०० वॉट ओढू लागली तर अकरा मिनिटांत डबा रिकामा.

आता दोरी काय करते ते पाहा. गवताला हात लावायच्या आधी ती हवा कापत असते, आणि हवा फुकट कापली जात नाही. फेऱ्याचा व्यास एक फूट आणि मिनिटाला ७,००० फेरे धरले तर दोरीच्या टोकाचा वेग ताशी जवळजवळ ४०० किलोमीटर होतो. या वेगाला हवासुद्धा चिखलासारखी आडवी येते. दोरी दीडपट जाड, की हवेचा अडथळा दीडपट. वजन तर त्याहून वाढते, कारण ते जाडीच्या वर्गाने जाते. १.६ मिलिमीटरऐवजी २.४ ची दोरी घातली की तेवढ्याच लांबीचे वजन सव्वादोन पट होते. मोटारीचे फेरे पडतात. फेरे पडले की दोरी गवत कापण्याऐवजी ओरबाडते. मग आपण यंत्र दाबतो, मोटार आणखी वीज ओढते, तापते. पेठला झाले ते हेच.

बारीक दोरीत जोर कुठून येणार, असे मला पूर्वी वाटे. जोर वेगातून येतो. दोन मिलिमीटर जाडीच्या, वीतभरही नसलेल्या दोरीच्या तुकड्याचे वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नसते. पण त्या वेगाने फिरताना तो सुमारे दोन किलोच्या ओढीने बाहेर ताणला जातो. म्हणून हातात लुळी लागणारी दोरी फिरताना काडीसारखी ताठ होते. गोफणीत दगड ठेवून फिरवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

तर जाडी कोणती? ती यंत्रावर किंवा सोबतच्या पुस्तकात छापलेली असते, तीच. १८-२० व्होल्टच्या लहान यंत्रांना साधारणपणे १.६ मिलिमीटरच्या आसपास, ३६-४० व्होल्टच्या मोठ्यांना २ मिलिमीटर, काहींना त्याहून थोडी जास्त. पेट्रोलच्या यंत्रांना २.४ ते ३. पुस्तकात दोन आकडे दिले असतील तर माझे मत असे की लहान आकड्यापासून सुरुवात करावी. हरळी, कुंदा, लव्हाळा, कोवळे गाजरगवत यांना १.६ ची दोरी सहज पुरते. टाकळ्याचे खोड निबर झाले असेल तर तिथे दोरी जाड करून उपयोग नाही, टाकळा कोवळा असतानाच जावे. रानमोडी आणि घाणेरी यांना तर दोरी लावूच नये, तिथे कोयता.

पुस्तक हरवले असेल आणि जुन्या दोरीचा तुकडा हाताशी असेल तर जाडी मोजायची एक सोपी रीत आहे. पेन्सिलीवर तो तुकडा शेजारी-शेजारी घट्ट दहा वेढे गुंडाळा आणि वेढ्यांची एकूण रुंदी मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा. सोळा मिलिमीटर भरली तर दोरी १.६ ची. ज्यांना अचूक हवे त्यांनी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटरकडे जावे, त्याच्या खिशात व्हर्नियर असतेच. बंडलावर छापलेली जाडी आणि आतली जाडी एक असतेच असे नाही, म्हणून नवे बंडल घेतानाही हे करून पाहावे.

दुकानात काही ठिकाणी दोरी किलोवर मिळते. तिथे एक हिशेब पक्का लक्षात ठेवा. एका किलोत १.६ ची दोरी सुमारे ४३५ मीटर बसते, २.४ ची १९५ मीटरच्या आत-बाहेर, आणि ३ ची सव्वाशे मीटरला थोडी कमी. भाव किलोचा सारखा असेल तर जाड दोरी घेणारा त्याच पैशात निम्मीसुद्धा लांबी घरी आणत नाही. एकट्याला किलोभर दोरी नकोच, ती पडून खराब होते. चौघांनी मिळून घ्यावी आणि वाटून घ्यावी.

गोल, चौकोनी, पीळदार

दुकानदार पाच तऱ्हा समोर टाकतो. गोल, चौकोनी, पाच कोपऱ्यांची चांदणीसारखी, पिळाची, आणि चकचकीत कण घातलेली. कोपरे असलेली दोरी नवी असताना खरेच चांगली कापते, तिला धार असते. पण आपला बांध काही साहेबाच्या बंगल्याचे हिरवळीचे आवार नव्हे. तिथे दगड आहेत, ढेकळे आहेत, जुन्या कुंपणाचे खांब आहेत. दोन दगडांवर आपटली की कोपरा गेला, आणि कोपऱ्याच्या जागी चीर पडून दोरी तुटते. शिवाय कोपऱ्याची दोरी डोक्याच्या भोकातून गोल दोरीसारखी सरकत नाही, अडकते. बॅटरीच्या लहान यंत्राला मी गोल किंवा पिळाची दोरी घ्या म्हणेन. पिळाची दोरी हवेत कमी आवाज करते आणि हवा थोडी कमी आडवी घेते, एवढा तिचा गुण खरा. रंगाला अर्थ नाही. मात्र भडक नारिंगी किंवा पिवळी घेतली तर तुटलेले तुकडे मातीत दिसतात आणि उचलता येतात, म्हणून मी हिरवी घेत नाही.

आता एका शब्दाबद्दल. आपल्याकडे दुकानदार या दोरीला 'वायर' म्हणतो. "ग्रासकटरची वायर" असेच मागावे लागते. या एका शब्दाने घोटाळा होतो. कोणी खरोखरच तार लावतो, बांधणीची, कुंपणाची, नाहीतर सायकलच्या ब्रेकची. ती नायलॉनसारखी झिजत नाही म्हणून खूश होतो. बंधूंनो, हे कदापि करू नका. नायलॉनचा तुकडा तुटून उडाला तर चट्टा उठतो. तारेचा तुकडा ताशी ४०० किलोमीटरने सुटला तर ती बंदुकीची गोळीच समजा, मग तो आपल्या पोटरीत शिरेल की शेजारच्या मुलाच्या डोळ्यात, हे सांगता येणार नाही. नुसत्या नायलॉनच्या दोरीनेही खडे उडतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, आणि चोहोबाजूंनी पन्नास फुटांत माणूस किंवा जनावर नको. गाजरगवत कापताना नाकातोंडाला फडके आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, नाहीतर अंगाला खाज सुटते.

कव्हर आणि पाते

मी पेठला कव्हर काढायला लावले ती दुसरी मोठी चूक. कव्हर फक्त खडे अडवायला असते असा माझा समज होता. त्याच्या कडेला जे लहानसे पाते असते ते दोरीची लांबी ठरवते. दोरी लांब झाली की ते पाते टोक छाटते. कव्हर काढले की दोरी हवी तेवढी लांब राहते आणि मोटारीचा बोजा वाढतो. तो किती वाढतो हे कळल्यावर मी डोक्याला हात लावला. दोरी नुसती दहावा हिस्सा लांब झाली, आणि फेरे तेवढेच राहिले, तर हवेचा भार हिशेबाने जवळजवळ दीडपट होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यात दोरीचे टोक जितके लांब तितका त्याचा वेग जास्त आणि मोटारीवर पडणारा पिळाही जास्त. एका बोटाच्या पेराएवढ्या लांबीने एवढा फरक. जाडी चुकली त्यापेक्षाही कव्हर काढले म्हणून ती मोटार आधी गेली असे आता मला वाटते.

दोरी भिजवणे

ही गोष्ट ऐकून तुम्ही हसाल, पण करून पाहा. दोरी भरायच्या आदल्या रात्री बंडल पाण्यात बुडवून ठेवा. नायलॉन पाणी पिते. प्लॅस्टिक म्हणतो ते सगळे सारखे नसते. नायलॉन सुकले की कडक आणि ठिसूळ होते, ओलावा मिळाला की चिवट होते. शेडच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेले बंडल पावसाळ्यानंतर घातले तर दोरी काडकाड मोडते, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. आमचे वडील अंबाडीचा वाख भिजवल्याशिवाय दोर वळायला बसत नसत. चऱ्हाट असो वा कासरा, सुक्या वाखाला पीळ बसत नाही आणि तो तुटतो. वस्तू नवी असली तरी रीत जुनीच उपयोगी पडली. भिजवलेली दोरी काढून पुसून भरावी, आणि उरलेले बंडल उन्हात टांगू नये.

हे नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी तयार केले आणि १९३८ मध्ये ते बाजारात आले ते दात घासायच्या ब्रशचे केस म्हणून. गवत कापायला ते लावले १९७१ मध्ये, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, जॉर्ज बॅलस नावाच्या माणसाने. मोटारगाडी धुवायच्या जागी फिरणारे ब्रश पाहून त्याला ही कल्पना सुचली. घरी येऊन त्याने पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यात मासे धरायची दोरी ओवली आणि डबा फिरत्या यंत्राला बसवला. झाडांच्या बुंध्याजवळचे गवत काढताना पात्याने झाडाला इजा होऊ नये, हा त्याचा हेतू होता. १९७७ मध्ये त्याने तो धंदा एमर्सन इलेक्ट्रिक कंपनीला विकला. गंमत अशी की झाडाला जपण्यासाठी निघालेल्या या दोरीनेच आज कलमे सोलली जातात. कोवळ्या कलमाच्या बुंध्याला दोरी दोन-तीनदा लागली की साल गोल निघते, आणि साल गोल निघाली की झाड गेलेच. ते लगेच दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पाने माना टाकतात आणि आपण वाळवीला दोष देतो. कलमाभोवती हातभर जागा खुरप्याने काढावी, दोरी तिच्या बाहेर फिरवावी.

भरताना

बॅटरी आधी काढून बाजूला ठेवा. हे सगळ्यात पहिले, बाकी नंतर. रिळावर बाण असतो, त्याच दिशेने गुंडाळायचे. दोन टोकांचे रीळ असेल तर दोरी मधोमध दुमडून दोन्ही पदर आपापल्या खणात ठेवायचे, एकमेकांवरून जाऊ द्यायचे नाहीत. हातमागावर कांडी भरतात तशी वेढ्याला वेढा लागून बसली पाहिजे. सैल किंवा आडवीतिडवी भरली की आतल्या आत वेढे घासतात, तापतात आणि एकमेकांना चिकटतात. नायलॉन २२० अंशांच्या सुमारास वितळते, पण चिकटायला तेवढी उष्णता लागत नाही. मग यंत्र जमिनीवर टेकवून कितीही ठोकले तरी दोरी बाहेर येत नाही, आणि आपण म्हणतो डोके बिघडले. रीळ काठोकाठ भरू नये, थोडी जागा सोडावी. घाई असली की माणूस जास्त भरतो, हा माझाही अनुभव.

कापताना दोरीच्या शेवटच्या इंचाने कापायचे. गवताच्या गठ्ठ्यात डोके खुपसले की दोरी वेढली जाते आणि मोटार अडते. उंच गवत एकदम मुळाशी न कापता वरून खाली दोन-तीन टप्प्यांत घ्यावे. दुपारच्या उन्हात काम करण्यापेक्षा सकाळी करावे, बॅटरीलाही ते मानवते. कामावरून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, गार होऊ द्यावी. आपल्याकडे शेतीची वीज रात्री येते म्हणून घाई होते हे खरे, पण ही बॅटरी घरच्या प्लगवर लागते, तिला शेतीच्या विजेची वाट पाहायची गरज नाही.

जिथे दोरी चालवू नये

उसात अजिबात नको. लागणीच्या कोवळ्या फुटव्यांना दोरी लागली की ते फाटतात. ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या नळ्या तर एका फटक्यात जातात, आणि पाणी सोडेपर्यंत कळत नाही. खोडव्याचे बुडखे छाटायला काही जण हे यंत्र आणतात. पेट्रोलच्या यंत्राला गोल पाते लावून ते काम होते. दोरीने, त्यातून बॅटरीच्या दोरीने, ते होणार नाही. बुडखा राहील आणि यंत्र जाईल.

आणि वैरणीला नको. ही गोष्ट मला पेठच्या वहिनींनी शिकवली. विळ्याने कापलेले गवत काडीला काडी लागून पेंढी बांधता येते. दोरीने ते चिंधड्या होऊन मातीत मिसळते, आणि त्याच्यात झिजलेल्या, तुटलेल्या दोरीचे तुकडे असतात. गायीला ते वेगळे काढता येत नाहीत आणि नायलॉन पोटात विरघळत नाही. वहिनी म्हणाल्या, "नाना, जाळरेषेचं गवत मशीननं कापू, पण गुरांचं इळ्यानंच." बांधावरचे गवत गोठ्यात जाणार असेल तर विळा घ्या. कुजायला किंवा दूर टाकायलाच जाणार असेल तर दोरी चालवा, आणि मोठे तुकडे दिसतील तेवढे वेचा.

यंदा

यंदा अश्विनात मी पुन्हा पेठला गेलो. मोटार नवी बसवून यंत्र चालू केले आहे, त्या खर्चात निम्मा वाटा मी दिला. पेठकर घ्यायला तयार नव्हता, त्याच्या मोठ्या भावाने घेतला. कव्हर जागेवर होते. १.६ ची पिळाची नारिंगी दोरी होती आणि वहिनींनी ती आदल्या रात्रीच हंड्यात बुडवून ठेवली होती. दोन बॅटऱ्यांत उत्तरेच्या अंगाचा पट्टा झाला, दहा फुटांचा. त्यानंतर सगळ्या घराने मिळून कापलेले गवत झाडून पट्ट्याच्या बाहेर नेले. हे मी तिथे पाहिले आणि परत येऊन आमच्या बांधावरही केले, कारण कापून तिथेच टाकलेले गवत वाळले की उभ्या गवताइतकेच पेटते. आपल्यापैकी पुष्कळ जण इथेच थांबतात.

जळालेल्या अकरा कलमांच्या जागी नवी अकरा लावली आहेत. ती अजून गुडघ्याएवढीच आहेत. माझी ती २.४ ची चौकोनी दोरी अंगणात दोन खांबांना बांधलेली दिसली. तिच्यावर धुणे वाळत होते.